एका आयडीमागे सात तबकड्या : जुन्या लिनक्समध्ये पहिलीच का दिसते?

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

नाकामिचीचा एमबीआर-७.४, म्हणजे सात सीडींचा स्कझी (डिस्क, सीडी, टेप एकाच केबलवर जोडायची पद्धत) चेंजर. कार्ड ॲडाप्टेक २९४०, लिनक्सचा कर्नल (गाभा) २.०.३६. चेंजर आयडी ४ वर, केबलच्या टोकाला, टर्मिनेशन चालू. बूट होताना ‘व्हेंडर एनआरसी, मॉडेल एमबीआर-७.४’ अशी एकच ओळ येते आणि एससीडी० (पहिला सीडी ड्राइव्ह) तेवढा मिळतो. बाकीच्या सहा सीडी जणू नाहीतच. कार्डाच्या सेटअपमध्ये ‘मल्टिपल लन सपोर्ट’ (लन म्हणजे एका आयडीमागचं एकेक युनिट) चालू केलंय, काही फरक नाही.

त्याच मशीनवर फ्रीबीएसडी २.२.८ चढवलं की सातही कप्पे दिसतात. म्हणजे केबल आणि चेंजर ठीक आहेत.

प्रश्न दोन. एक, लिनक्सवर सातही कसे मिळवायचे? दुसरा जरा मोठा : एका पत्त्यामागे अनेक युनिटं असलेली उपकरणं त्या काळच्या मुक्त युनिक्सांनी नेमकी कशी हाताळली, आणि प्रत्येकाने वेगळी वाट का धरली?

---

ताकभात

कार्डाचं ते सेटिंग फक्त कार्डाच्या बायॉससाठी आहे. डॉसमधून बूट करायचं असेल तर उपयोगी. लिनक्स किंवा बीएसडीचा ड्रायव्हर बस स्वतः चाळतो, बायॉसला विचारत नाही. तिथे वेळ घालवू नका.

---

बिटोबा

चांगला विषय काढलात. जरा मुळापासून घेतो.

आठ बिटांच्या स्कझी बसवर आयडी आठ, ० ते ७. त्यातला एक, बहुधा ७, कार्डाचा स्वतःचा. प्रत्येक आयडीमागे पुन्हा आठ लॉजिकल युनिटं, म्हणजेच लन. आठच का? कारण आज्ञेच्या दुसऱ्या बाइटमध्ये वरचे तीन बिट लनसाठी राखून ठेवले होते. घराचा नंबर म्हणजे आयडी आणि खोलीचा नंबर म्हणजे लन, असं समजा. तुमच्या चेंजरचं घर ४ नंबरचं, खोल्या ० ते ६.

कर्नल दार कसं वाजवतो? प्रत्येक आयडीच्या लन ० ला ‘इन्क्वायरी’ ही आज्ञा पाठवतो. उत्तरात प्रकार, कंपनी, मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती येते. मग लन १, लन २ असं पुढे. नसलेल्या खोलीबद्दल उपकरणाने पहिल्या बाइटमध्ये हेक्स ७एफ द्यावा, म्हणजे ‘इथे कोणी राहत नाही, राहूही शकत नाही’.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात १९८०-९०च्या दशकातली बरीच उपकरणं लनचे बिट वाचतच नसत. काही डिस्क आठही लनवर ‘मीच आहे’ म्हणत. काही लन १ चा प्रश्न आला की जागीच गोठत, बस सोडत नसत, आणि मग बूटही तिथेच थांबे. म्हणून २.० कर्नलमध्ये ‘सगळे लन तपासा’ हा पर्याय, कॉन्फिग_स्कझी_मल्टी_लन, निवडलेला नसतो. मदतीच्या मजकुरातही ‘नाही’ म्हणणंच सुरक्षित असं सांगितलंय. तुमचा कर्नल लन ० वर थांबतो तो याच्यामुळे.

उपाय : कर्नल पुन्हा बांधायचा नसेल तर लिलोच्या (कर्नल बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) अपेंड ओळीत मॅक्स_स्कझी_लन्स=८ घाला आणि लिलो पुन्हा चालवा. स्कझीचा गाभा मॉड्यूल (कर्नलमध्ये नंतर भरायचा तुकडा) असेल तर लिलोची ओळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा तो आकडा मॉड्यूल भरतानाच द्यावा लागतो.

---

रात्रपाळी

बिटोबा, थांबा थांबा. ८ हा आकडा बसवरच्या *सगळ्या* उपकरणांना लागू होतो, फक्त चेंजरला नाही. त्याच केबलवर जुनी डिस्क किंवा टेप असेल तर हा सल्ला महागात पडेल.

कर्नलमधल्या स्कझी.सी फाइलीत या वाकड्या उपकरणांची यादीच आहे. हिताचीची डीके३१२सी आणि सीगेटची एसटी२९६ सगळ्या लनवर उत्तर देतात. शिनॉनचा सीडीएस-४३१ सीडी ड्राइव्ह, टँडबर्गची टीडीसी ३६०० टेप, क्वांटमची एलपीएस५२५एस, या लन ० सोडून काही विचारलं की अडकतात. सीगेट एसटी१५७एन तर एएचए१५२एक्स कार्डावर लन १ साठी ‘रिक्वेस्ट सेन्स’ (काय चुकलं ते विचारणारी आज्ञा) फसवते आणि त्यापायी अख्खी बस रीसेट होते. कोणीतरी प्रत्येक ओळीसाठी एकेक मशीन लटकवून ही माहिती गोळा केलीय. यादीत नाव असेल तर कर्नल त्या उपकरणाला लन १ विचारतच नाही. पण यादीत नसलेलं वाकडं उपकरण तुमच्याच केबलवर निघालं तर?

---

शून्य_ते_सात

आठही लनवर उत्तर देणाऱ्या डिस्कचा धोका लोक हलक्यात घेतात. ‘एकाच्या आठ दिसल्या तर दिसू देत’ असं नाही.

कर्नलचा बफर कॅश डिव्हाइस क्रमांक आणि ब्लॉक क्रमांक या जोडीवर चालतो. एसडीए आणि एसडीबी (पहिली आणि दुसरी डिस्क) खरं तर एकच डिस्क असेल तरी कॅशच्या दृष्टीने ती दोन वेगळी उपकरणं. एसडीए१ लिहिण्यासाठी माउंट केलं आणि चुकून एसडीबी१ सुद्धा लिहिण्यासाठी माउंट केलं, तर दोन्हीकडचे बिटमॅप (कोणते ब्लॉक भरलेत त्याच्या नोंदी) आपापल्या मर्जीने एकाच जागेवर लिहिले जातात. फाइल सिस्टिमचा चुरा व्हायला वेळ लागत नाही.

ओळखायचं कसं : क्षमता अगदी ब्लॉकपर्यंत सारखी, मॉडेल सारखं, आणि मुख्य म्हणजे पार्टिशन टेबल सारखं. दोन्हींचे पहिले शे-दोनशे सेक्टर *फक्त वाचून* एमडी५ ताडून पाहा. सारखे आले तर लन बंद. लिहून खात्री करायच्या भानगडीत पडू नका.

---

बिटोबा

रात्रपाळी, मुद्दा मान्य. मग एकेक लन हाताने जोडावा, तोच सभ्य मार्ग. बूट झाल्यावर रूट म्हणून ‘स्कझी ॲड-सिंगल-डिव्हाइस ० ० ४ १’ ही ओळ इको करून /प्रॉक/स्कझी/स्कझी या फाइलीत ढकलायची. चार आकडे म्हणजे कार्ड, चॅनेल, आयडी, लन. शेवटचा आकडा १ ते ६ असा सहा वेळा. ही वाट कमाल लनची मर्यादा पाळत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला हातही लावत नाही.

---

पेडगाव

सरळ नवा कर्नल टाका ना. स्कझी-३ पासून ‘रिपोर्ट लन्स’ आज्ञा आहे, उपकरणच आपली यादी देतं. विषय संपला.

---

रात्रपाळी

@पेडगाव, ती आज्ञा उपकरणाला कळायला हवी. एमबीआर-७ किंवा पायोनियर डीआरएम-६०० ही स्कझी-३ च्या आधीची जमात. त्यांच्यासाठी नवा कर्नलसुद्धा यादीच पाहतो आणि एकेक दार वाजवतो. यादी वेगळ्या फाइलीत गेली, एवढाच बदल.

---

ओसरी

एक शंका. सातपैकी तीनच कप्प्यांत सीडी असतील, समजा ०, ३ आणि ५ मध्ये, तर कर्नल लन १ रिकामा पाहून तिथेच थांबेल का? मधला लन गैरहजर असला की लिनक्स पुढे जात नाही असं वाचलंय.

---

बिटोबा

ओसरी, उत्तम शंका. नाही थांबणार. ‘इन्क्वायरी’ला माध्यम लागत नाही. रिकामा कप्पासुद्धा ‘मी सीडी ड्राइव्ह, नाव अमुक’ असं उत्तर देतो. ‘आत काही नाही’ हे नंतर ‘टेस्ट युनिट रेडी’ (तयार आहेस का?) या आज्ञेला कळतं. कप्पा रिकामा असणं आणि लन नसणं या वेगळ्या गोष्टी.

तुम्ही वाचलेलं लागू होतं ते मधले क्रमांक खरोखरच सोडणाऱ्या उपकरणांना. त्यांच्यासाठी यादीत ‘स्पार्सलन’ असा वेगळा झेंडा आहे.

---

रीळ

मोठ्या प्रश्नाकडे येते. तीन प्रकल्प, तीन स्वभाव.

लिनक्सचा स्वभाव : सांगितल्याशिवाय विचारू नका. यादीत ‘फोर्सलन’ असलेल्यांनाच पुढचे लन विचारले जातात. नाकामिचीचे एमजे-४.८एस आणि एमजे-५.१६एस, पायोनियरचे डीआरएम-६००, ६०२एक्स, ६०४एक्स, मात्सुशिताचा पीडी ड्राइव्ह (सीडी एका लनवर, पीडी म्हणजे पुन्हा लिहिता येणारी तबकडी दुसऱ्यावर) ही त्यातली नावं.

फ्रीबीएसडी २ मध्येही तक्ता, पण प्रत्येक ओळीवर ‘एक युनिट’ किंवा ‘आणखी युनिटं’ असा शेरा. एमबीआर-७ पुढे तारांकन घालून त्यात नोंदलाय, म्हणून धागाकर्त्यांचा ७.४ त्यात आपोआप बसला. हा सगळा स्कझी थर ज्युलियन एलिशर यांनी मूळ माक २.५ या सिस्टिमसाठी लिहिला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ३८६बीएसडीवर आणला. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी, दोघांच्या स्कझीचं मूळ तिथे आहे.

नेटबीएसडीने उलट बाजू धरली : विचारा, आणि नावं घालून फक्त अपवाद वगळा. पण त्यात एक छान चाळणी आहे. इन्क्वायरीच्या उत्तरात उपकरण कोणत्या मानकाचं ते येतं. तिथे शून्य आलं, म्हणजे पहिल्या मानकाच्याही (१९८६) आधीचा किंवा मानक न पाळणारा पाहुणा, तर लन ० पुरे. म्हातारी उपकरणंच जास्त गोठतात, आणि ही एक ओळ त्यांतली बरीचशी नाव न घेता बाजूला काढते. माझ्या मते तिघांत हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं आहे.

---

ताकभात

रीळताई, पण त्या चाळणीत एमुलेक्स एमडी२१ अडकतो ना? तो तर दोन लनसाठीच बनलाय.

---

रीळ

अडकतो, म्हणूनच त्याला नेटबीएसडीच्या अपवादांत ‘फोर्सलन्स’ दिलाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : एमडी२१ हा पूल आहे. एका बाजूला स्कझी, दुसऱ्या बाजूला दोन ईएसडीआय (डिस्क जोडायची आणखी एक जुनी पद्धत) डिस्क. सन-३ वर्कस्टेशनच्या शूबॉक्स डब्यांत हा असतो. ३४ पिनांची कंट्रोल केबल दोन्ही डिस्कना ओवून जाते, २० पिनांची डेटा केबल प्रत्येकीला स्वतंत्र. ३४ पिनांच्या केबलवर फक्त शेवटच्या डिस्कवर टर्मिनेटर. दोन्ही डिस्कच्या ड्राइव्ह सिलेक्टचे जंपर वेगळे हवेत. ईएसडीआयमध्ये शून्य म्हणजे ‘कोणीच निवडलेलं नाही’, त्यामुळे जंपर शून्यावर ठेवलेली डिस्क कधीच उत्तर देत नाही. पुष्कळदा ‘लन १ दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ कर्नलमध्ये नसून इथे सापडतं.

लिनक्सच्या यादीत हाच एमडी२१ ‘सिंगललन’ म्हणून आहे. एका लनवर आज्ञा चालू असताना दुसऱ्या लनवर पाठवू नका, असा त्याचा अर्थ.

---

पेडगाव

म्हणजे चाळीत खोल्या सात पण नळ एकच. एकाने बादली लावली की बाकीच्यांनी थांबायचं. :)

---

शून्य_ते_सात

पेडगाव, एकदम चपखल! चेंजरमध्ये तर नळही फिरता. सात तबकड्या, पण वाचणारं डोकं एकच. लन बदलला की आतली सीडी ठेवायची, दुसरी काढायची, फिरवायची, मग वाचायची. यात काही सेकंद जातात, आणि मध्ये ‘युनिट अटेन्शन’ किंवा ‘तयार होत आहे’ अशी उत्तरं येतात.

‘सिंगललन’ने फक्त आज्ञा एकमेकींवर आदळत नाहीत. एक आज्ञा लन २ ची, पुढची लन ५ ची, मग परत २ ची, असं झालं तर नियम पाळूनही चेंजर दिवसभर सीड्याच उचलत बसतो. यावर खरा उतारा फ्रीबीएसडी ३.० च्या कॅम या नव्या स्कझी थरात आला. तिथला सीडी ड्रायव्हर चेंजर ओळखतो आणि एका लनला रांग लावून वेळ देतो : दुसरं कोणी थांबलेलं असलं तरी किमान ५ सेकंद, आणि काम संपत नसलं तरी जास्तीत जास्त १५. दोन्ही आकडे सिसकंट्रोल या आज्ञेने बदलता येतात.

लिनक्सवर ही शिस्त आपणच पाळायची. सातही सीडी कायम माउंट ठेवू नका. ऑटोमाउंटर वापरा आणि सोडायची वेळ छोटी ठेवा. रात्री लोकेट या फाइलशोधासाठी चालणाऱ्या अपडेटडीबीच्या वगळायच्या वाटांत चेंजरच्या सगळ्या माउंट जागा घाला, नाहीतर पहाटेपर्यंत खडखड ऐकू येईल.

---

ओसरी

अवांतर : २००३-०४ कडचे चार-पाच खाचांचे यूएसबी कार्ड रीडर आठवा. तेही आत स्कझीच बोलतात, प्रत्येक खाच एक लन. मल्टी-लन बंद असलेल्या कर्नलवर पहिली खाच तेवढी चाले आणि लोक रीडर बिघडला म्हणून परत करत. मॅक्स लन विचारणारी यूएसबी विनंती वेगळी आहे, तरी स्कझी थर लन ० च्या पुढे जायला तयार हवा.

---

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ॲड-सिंगल-डिव्हाइस सहा वेळा केलं. /प्रॉक/स्कझी/स्कझी मध्ये आता सातही लन दिसतात. पण वापरता येतात फक्त तीन : एससीडी०, १ आणि २. एससीडी३ उघडायला गेलं तर ‘असं उपकरण नाही’. डेव्हमधली नोंद तर आहे, मेजर (ड्रायव्हरचा क्रमांक) ११, मायनर (त्याखालचा उपकरणाचा क्रमांक) ३. हे काय?

---

बिटोबा

अगदी नेमकं लक्षण दिलंत. होस्ट्स.एच मध्ये एसआर_एक्स्ट्रा_डेव्ह्स नावाचा आकडा आहे, किंमत २. सीडीचा ड्रायव्हर सुरू होताना जितके ड्राइव्ह दिसले तितके अधिक २, एवढ्याच जागा तो राखतो. तुम्हाला बूटला एक दिसला, म्हणून १ + २ = ३. त्यानंतरचे लन स्कझीच्या यादीत लागतात, पण सीडी ड्रायव्हरकडे त्यांना बसायला पाट नाही.

सुटका दोन प्रकारे. सीडीचा ड्रायव्हर, एसआर_मॉड, मॉड्यूल असेल तर आधी सगळ्या सीडी अनमाउंट करून तो काढा. सहाही लन जोडा. मग तो परत भरा. भरताना त्याला सात दिसतील आणि तो नऊ जागा राखेल. ड्रायव्हर कर्नलमध्येच असेल तर तो आकडा ८ करून कर्नल पुन्हा बांधा.

---

रात्रपाळी

कर्नल बांधायचाच असेल तर मुळावर घाव घाला. स्कझी.सी मधल्या डिव्हाइस_लिस्टमध्ये एक ओळ वाढवा : व्हेंडर ‘एनआरसी’, मॉडेल ‘एमबीआर-७’, आवृत्तीच्या जागी तारांकन, झेंडे फोर्सलन आणि सिंगललन. तुलना सुरुवातीच्या अक्षरांपुरतीच होते, म्हणून ‘एमबीआर-७’ लिहिलं की ७.४ ही त्यात येतो. मग बूटलाच सात दिसतील, जागांचा प्रश्न उरणार नाही, आणि बसवरच्या बाकी कोणालाही लन १ विचारला जाणार नाही.

जाता जाता : यादीत आवृत्तीचा रकाना आहे, पण तो तपासलाच जात नाही. तिथल्या शेऱ्यातच ‘अजून वापरात नाही’ असं लिहिलंय. कंपनीने नव्या फर्मवेअरमध्ये दोष काढला तरी ते मॉडेल यादीत वाकडंच राहतं.

---

रीळ

रात्रपाळींच्या मार्गाला +१. एक इशारा जोडते, कारण डिस्कच्या बाबतीत इथेच घात होतो.

लिनक्स नावं सापडण्याच्या क्रमाने वाटतो. आयडी ० च्या पुलामागे लन १ नव्याने दिसायला लागला की तो एसडीबी होतो, आणि आयडी १ वरची कालपर्यंतची एसडीबी आज एसडीसी. एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) जुनाच. नशीब चांगलं असेल तर माउंट फसतं. नसेल तर स्वॉपच्या ओळीसमोर भलतंच पार्टिशन येतं. लन चालू करण्याआधी एफएसटॅबमध्ये नावाऐवजी लेबल घाला, ई२लेबलने ते लावता येतं. किंवा स्कझीडेव्ह वापरा. ते कार्ड, चॅनेल, आयडी, लन यांवरून पक्की नावं बनवतं.

सनच्या सनओएसमध्ये नाव पत्त्याला बांधलेलं होतं. कॉन्फिग फाइलीत ड्राइव्ह ०००, ००१, ०१०, ०११ असे अष्टमान आकडे : मधला आयडी, शेवटचा लन. एसडी० म्हणजे आयडी ० लन ०, एसडी१ म्हणजे आयडी ० लन १, एसडी२ म्हणजे आयडी १ लन ०. लन १ वर डिस्क नसली तरी एसडी२ हलत नाही. बीएसडीत हेच हाताने बांधता येतं. फ्रीबीएसडी २ मध्ये ‘डिस्क एसडी१ ॲट एससीबस० टार्गेट ० युनिट १’ अशी ओळ. इथे ‘युनिट’ म्हणजे लन, एसडीचा क्रमांक नव्हे. नेटबीएसडीत त्याच जागी ‘लन’ हाच शब्द आहे, वाचायला सोपा.

---

शून्य_ते_सात

रीळताईंच्या मुद्द्याला जोडून : लिनक्समध्ये मेजर ८ खाली २५६ मायनर, डिस्कमागे १६, म्हणजे १६ डिस्क. बीएसडीत तेव्हा डिस्कमागे ८ पार्टिशनं, म्हणून २५६ मायनरांत ३२ डिस्क. एका डिस्कची आठ भुतं उभी राहिली की लिनक्सचा अर्धा कोटा तिथेच खलास. सीडीला मात्र पार्टिशनं नाहीत, मेजर ११ खाली ड्राइव्हमागे एकच मायनर, त्यामुळे चेंजरने तिथे टंचाई येत नाही.

---

मधलीसुट्टी (धागाकर्ता)

डिव्हाइस_लिस्टमध्ये ओळ घालून कर्नल बांधला. बूटला सात ओळी आल्या, लन ० ते ६, एससीडी० ते एससीडी६. लन ७ विचारल्यावर चेंजरने नीट नकार दिला. एससीडी४ पुढच्या नोंदी डेव्हमध्ये नव्हत्या, त्या एमकेनॉडने केल्या : ब्लॉक, मेजर ११, मायनर अनुक्रमे ४, ५, ६. एससीडी१ आणि एससीडी५ एकदम वाचायला लावल्यावर चेंजर सतत सीड्या बदलत राहतो, पण एकही आज्ञा फसत नाही. आता ऑटोमाउंटर लावतो.

---

ताकभात

लन ७ ने नकार दिला हे लिहिलंत ते बरं केलंत. पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल. वाचनखूण साठवली.